२०२४ चे सिनेमे: डायरीतल्या ४३ ओळी, काही जपलेल्या, काही खोडलेल्या

मधली रांग
रविवार, २९ डिसेंबर २०२४, सकाळी ११:१०

मंडळी, गेल्या वर्षीच्या धाग्यावर कुणीतरी मला विचारलं होतं, "तुम्ही सिनेमा पाहता की हजेरी लावता?" दोन्ही. या वर्षी थिएटरात ४३ झाले. ओटीटीवरचे मोजत नाही, कारण घरी पाहताना मी दोनदा उठून कुकर बंद करतो आणि एकदा झोपतो.

पूर्वी तिकिटांचे फाटके तुकडे श्रीखंडाच्या डब्यात साठवायचो. आता मोबाइलवरचा काळा-पांढरा चौकोन दाखवला की आत सोडतात, डब्यात काय ठेवणार कप्पाळ! म्हणून जानेवारीपासून नियम केला. सिनेमा सुटला की घरी जाताना लोकलमध्येच, ऑफिसच्या फुकट डायरीत एक ओळ लिहायची. एकच. चर्चगेट ते दादर वीस-बावीस मिनिटं, तेवढ्यात सुचेल ती. काल रात्री डायरी पहिल्या पानापासून वाचली, तर निम्म्या ओळी मला पटेनात. काही ओळी कुठल्या प्रसंगाबद्दल आहेत हेच आठवेना. तेव्हा यंदाची यादी अशी: जे सिनेमे ओळीपेक्षा मोठे झाले ते आवडले, आणि ज्यांची ओळच उरली ते चुकचुकले.

१२ जानेवारी, 'मेरी ख्रिसमस'. ओळ: "सुरुवातीचे दोन मिक्सर झकास, शेवट ताणलाय." पडद्याचे दोन भाग, दोन मिक्सर फिरतायत, एकात चटणीचा मसाला आणि दुसऱ्यात गोळ्या. श्रीराम राघवन यांनी सगळा सिनेमा पहिल्याच मिनिटात समोर ठेवला होता, आपल्याला कळायला दोन तास लागले. आणि ज्या शेवटाला मी ताणलेला म्हटलं, तोच वर्षभर डोक्यात राहिला. जवळजवळ कुणी बोलत नाही, नुसतं संगीत आणि चेहरे. मुंबईचं नाव बदलायच्या आधीची ही गोष्ट आहे. सुटल्यावर मी उगाच कुलाब्यापर्यंत चालत गेलो, रीगल थिएटरची पाटी पाहिली आणि परत फिरलो. ओळ खोडली.

१ मार्चला दोन सिनेमे एकाच दिवशी लागले, वाळवंटातला 'ड्यून'चा दुसरा भाग आणि घुंगटातला 'लापता लेडीज'. मी अर्थातच पहिल्याकडे धावलो, कारण इरॉस! बंद पडलेलं चर्चगेटचं इरॉस थिएटर फेब्रुवारीत आयमॅक्स होऊन उघडलं होतं. मॅट्रिकच्या सुट्टीत वडिलांबरोबर पहिल्यांदा त्या जिन्यावरून वर गेलो होतो. बाहेरचा लाल-पिवळसर दगडाचा डौल तोच आहे, आतलं थिएटर लहान झालंय. तरी १९३८ ची इमारत मॉल व्हायच्या ऐवजी अजून सिनेमा दाखवते, यातच मला भरून आलं. डायरीत लिहिलंय, "वाळू खुर्चीखाली शिरली." हे बहुधा आवाजाबद्दल असावं. कथा आज विचाराल तर दोन वाक्यांपलीकडे जाणार नाही.

'लापता लेडीज' दुसऱ्या आठवड्यात पाहिला, ऑफिसातल्या दोन बायकांनी दटावून पाठवल्यावर. ओळ: "रवी किशन पान खातो आणि सिनेमा पण." त्याच्या इन्स्पेक्टरचं नाव श्याम मनोहर आहे हे ऐकून थिएटरात मी एकटाच हसलो. शेजारच्या मुलाला सांगणार तरी काय, की बाबा रे, या नावाचे आमच्याकडे कादंबरीकार आहेत आणि हा इन्स्पेक्टर त्यांच्याच गोष्टीतून सुटून आल्यासारखा वागतोय. (हे मुद्दाम केलेलं नसणार. पण असतं तर काय मजा!) सिनेमा गोड आहे. थोडा जास्तच गोड, हे डिसेंबरातलं मत.

'मुंज्या'ची ओळ नुसतीच "सुहास जोशी!!" आणि ती आजही बरोबर आहे. आदित्य सरपोतदारनी पिंपळावरचा आपला मुंज्या हिंदीत नेला, त्याचं मराठीपण न धुता.

'मंजुम्मेल बॉइज' शीवच्या बाजूला एका मल्टिप्लेक्समध्ये पाहिला. आजूबाजूला सगळे मल्याळी, मी एकटा सबटायटलवर. कोडाईकनालच्या गुहेत मित्र पडतो, बाकीचे त्याला काढतात, २००६ साली खरंच घडलेली गोष्ट. इळयराजांचं जुनं गाणं जिथे येतं तिथे सगळं थिएटर ओरडलं. मला शब्द कळत नव्हते, पण काटा आला. ओळ: "दोरीला मी पण धरून होतो."

मग सप्टेंबरात 'तुंबाड' पुन्हा लागला. २०१८ च्या ऑक्टोबरात मी तो पाहिला तेव्हा आम्ही अकरा जण होतो आणि त्यातले दोघे एसी खायला आलेले. यंदा मागची रांग सोडून सगळं भरलेलं. पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा त्याने दुसऱ्या वेळी केला, असं हिंदीत क्वचितच घडतं. मी मात्र थोडा रुसलो. सहा वर्षं मी ज्याला त्याला "पाहा रे" म्हणत होतो, तेव्हा कुणी ऐकलं नाही, आणि आता माझा पुतण्या मला त्यातल्या हस्तरची गोष्ट समजावून सांगत होता.

चुकचुकलेल्यांबद्दल. जे वाईटच निघणार हे पोस्टरवरून कळत होतं त्यांना मी मोजत नाही. त्यांनी मला फसवलं नाही, मी स्वखुशीने गेलो. चुकचुकायला आधी आशा लागते. 'जिगरा'कडून होती. वासन बाला हा सिनेमा जगणारा माणूस, आलिया जीव तोडून पळतेय, आणि डायरीत ओळ आहे, "ती पळतेय, मी घड्याळ बघतोय." तुरुंग परदेशातल्या काल्पनिक बेटावर नेला, तिथेच माझी भीती संपली. कल्पनेतल्या देशाच्या कायद्याला कोण घाबरणार? 'औरों में कहाँ दम था'कडून तर जास्तच होती, मुंबईची चाळ आणि तब्बू! ओळ: "चाळीत कुणी खोकलंसुद्धा नाही." त्यावर इथले आपले लालबागकर बोलतीलच.

'पाणी'चं चुकचुकणं निराळं आहे. नांदेड जिल्ह्यातलं कोरडं गाव, तिथे पाणी नाही म्हणून मुलगी लग्नाला नकार देते आणि मग हनुमंत केंद्रे हा पोरगा गाव पाणीदार करतो, खरी गोष्ट. पर्यावरणाचा राष्ट्रीय पुरस्कार या सिनेमाला २०१८ च्या यादीत मिळाला. थिएटरात लागला २०२४ च्या ऑक्टोबरात! मी मंगळवारी सकाळी ११ च्या शोला रजा टाकून गेलो, आम्ही नऊ जण. सिनेमा साधा, नीट. त्या दिवशी लोकलमध्ये ओळच लिहिली नाही, पान कोरं आहे.

आणि शेवटी 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'. २२ नोव्हेंबरला लागला, मी दुसऱ्या रविवारी गेलो. लोकलमध्ये लिहिलं: "संथ. पण ही माझीच गाडी." याच्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण लिहायला बसलो की ते चुकतंय असं वाटतं. माझा या वर्षीचा पहिला नंबर. आता तुमच्या ओळी येऊ द्यात.

---

बाकरवडी_पावशेर
रवि, ११:३२

पहिला! धागा नंतर निवांत वाचतो.

---

अळूवडी
रवि, १२:०५

छान लिहिलंय. कुकरच्या वाक्याला हसले. मी गिरगावात राहते, वय सांगत नाही, पण इरॉसच्या जिन्यावरून मीही गेले आहे आणि माझ्याबरोबर वडील नव्हते एवढंच सांगते.

माझं यंदाचं आवडतं 'नाच गं घुमा'. कामवाली बाई आणि मालकीण, विषय इतका रोजचा की कुणाला सुचला नव्हता. मुक्ता बर्वे चांगली आहेच, पण नम्रता संभेरावने तो सिनेमा पदराला बांधून नेला. मी आमच्या मावशींना घेऊन गेले होते, पंधरा वर्षं आहेत त्या आमच्याकडे. मध्यंतरात मी विचारलं, "कसा वाटतोय?" तर म्हणाल्या, "ताई, ती बाई फार लवकर माफ करते." मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुट्टी घेतली आणि मी विचारलं नाही का ते.

---

आठ_बाराची_डोंबिवली
रवि, १२:४१

४३!! अहो काका, आमच्याकडे सहा झाले वर्षात आणि त्यातले दोन मुलीसाठीचे. सोमवार ते शनिवार घरी यायला साडेनऊ. रविवारी चौघांचं तिकीट, पॉपकॉर्न, रिक्षा धरून दीड-दोन हजार जातात. यंदा २० सप्टेंबरला तिकीट ९९ रुपये होतं आणि त्याच दिवशी 'नवरा माझा नवसाचा २' लागला, म्हणून अर्धा दिवस टाकून सगळे गेलो. मुलगी विचारते, "बाबा, रोज का नाही असं?"

सिनेमा ठीक. पण थिएटर भरलेलं होतं, लोक आधीच हसत होते. जुन्या भागाची ती एसटीची सहल डोक्यात घेऊन आले होते सगळे. मी पण.

---

लालबागकर
रवि, १:१५

बोलावलंत म्हणून आलो. 'औरों में...'च्या चाळीबद्दल. मी चाळीत वाढलो, अजूनही राहतो. आमच्याकडे दोन माणसं गॅलरीत पाच मिनिटं एकमेकांकडे बघत उभी राहिली तर तिसऱ्या मिनिटाला वरच्या मजल्यावरून विचारणा होते, "काय रे, बरं नाही का?" आणि यांचं प्रेम तिथे गुपचूप चाललंय, मागे मंद संगीत. नळाची वेळ नाही, दांडीवर कपडे नाहीत, कुणाच्या घरात सुकटीचा वास नाही. सेट धुऊन-पुसून ठेवलेला. चाळ दाखवायची असेल तर आधी आवाज रेकॉर्ड करा, मग कॅमेरा लावा.

पण मला खरं लिहायचंय ते 'ऑल वी इमॅजिन'बद्दल. त्यात छाया कदमची पार्वती, हॉस्पिटलात स्वयंपाक करते, राहत्या खोलीचे कागद नाहीत आणि बिल्डर उठवतोय. तो भाग मी पुढे वाकून पाहिला. माझे वडील गिरणीत होते. ८२ च्या संपानंतर काम गेलं ते गेलंच. म्हाडाच्या गिरणी कामगारांच्या घरासाठी फॉर्म भरताना आम्ही वडिलांचा गिरणीतला तिकीट नंबर, ईएसआयसीचं कार्ड, लाल पास असं काय काय शोधत होतो. ट्रंकेत सगळं मिळालं. का, तर आई कागद फेकत नव्हती. पुढच्या खोलीतल्या काकूंकडे काहीच नव्हतं. काका गेले आणि कागद कुठे ठेवलेत ते सांगायचं राहून गेलं. सिनेमात पार्वती आणि नर्स प्रभा, दोघी टॉवरच्या होर्डिंगवर दगड मारतात ना, तेव्हा माझ्या बाजूचा माणूस "येडझवे" म्हणाला. मला वाटलं उठून त्याला सांगावं, पण काय सांगणार?

---

कंदील
रवि, २:२०

सगळे एकाच सुरात गातायत म्हणून माझा विरोध नोंदवतो. कान महोत्सवात ग्रां प्री पुरस्कार मिळाला नसता तर यातल्या किती जणांनी 'ऑल वी इमॅजिन' पाहिला असता? तीस वर्षांनी भारतीय सिनेमा मुख्य स्पर्धेत गेला, आनंद आहे. पण सिनेमा म्हणून? निळा उजेड, पाऊस, खिडकी, गप्प बसलेली बाई. मुंबईत इतका वेळ कुणाकडे असतो? ऑस्करला कुठला पाठवायचा यावरून भांडण झालं तेव्हा फिल्म फेडरेशनच्या अध्यक्षांनी सांगितलं होतं की परीक्षकांना हा भारतात घडणारा युरोपियन सिनेमा वाटला. त्यांच्यावर सगळे तुटून पडले, पण मला त्यात तथ्य वाटतं.

'मेरी ख्रिसमस'बद्दल सहमत. 'ब्रमयुगम' कुणीच कसा घेतला नाही? कृष्णधवल, आणि मामुट्टी या वयात असा राक्षस रंगवतो! तो खरा या वर्षीचा सिनेमा.

---

मधली रांग
रवि, २:५५

कंदील, 'ब्रमयुगम' माझ्या डायरीत आहे. ओळ: "हसला की भीती वाटते." धाग्यात राहून गेला. भावना पोचल्या.

बाकी, त्या तेरा परीक्षकांत एकही बाई नव्हती. त्यांच्या निवडीच्या पत्रात भारतीय स्त्रिया म्हणजे शरणागती आणि वर्चस्व यांचं अजब मिश्रण, अशा अर्थाचं वाक्य होतं. ते वाचून आमच्या घरात जी शांतता पसरली ती मात्र अस्सल भारतीय होती. (हलके घ्या.)

---

नाईट ड्यूटी
रवि, ४:१०

मी फार लिहीत नाही इथे, वाचते. पण आज लिहिते.

मी सरकारी हॉस्पिटलात सिस्टर आहे. एकोणीस वर्षं. सिनेमा कसा पाहायचा मला कळत नाही, पण 'ऑल वी इमॅजिन'मधली नर्स, ती प्रभा, चालते कशी, ते पाहा. आमच्यात सगळ्या तशाच चालतात, पाय दुखू नयेत म्हणून. ती अनू धाकटी, तिला या महिन्याचं भाडं जमत नाही आणि ती मोठीला सांगते, तू भर. मी नवीन असताना तिघी एका खोलीत राहायचो, माझं भाडं दोन महिने एका कोट्टायमच्या मुलीने भरलं होतं. तिने कधी मागितलं नाही. मी परत दिलं तेव्हा म्हणाली, विसरले होते. विसरली नव्हती.

तो कुकर. नवरा जर्मनीत, वर्षभर फोन नाही, आणि पार्सलमधून भात शिजवायचा लाल कुकर येतो. पाठवणाऱ्याचं नाव नाही. रात्री ती त्याला मिठी मारते. थिएटरात मागे दोन पोरं हसली. मी हसले नाही. आमच्या वॉर्डात अशा तीन आहेत. एकीचा नवरा मस्कतला आहे, दर दिवाळीला मिक्सर, इस्त्री असं काहीतरी येतं. माणूस येत नाही.

कंदील, तुम्ही म्हणता मुंबईत गप्प बसायला वेळ कुणाकडे आहे. रात्री अडीचनंतर असतो. एक वाजताचं इंजेक्शन देऊन झालेलं असतं, चारचं द्यायचं असतं. तेव्हा आम्ही खिडकीपाशीच बसतो. तो युरोपियन सिनेमा असेल तर आमचं हॉस्पिटल युरोपात आहे.

---

अळूवडी
रवि, ४:३२

सिस्टर, लिहीत जा हो.

---

आठ_बाराची_डोंबिवली
रवि, ४:४०

शेवटच्या ओळीला दंडवत.

---

बाकरवडी_पावशेर
रवि, ५:०५

निवांत वाचला. पुण्याहून एक शंका. मधली रांग, तुम्ही मधल्या रांगेत का बसता? मान दुखत नाही हे मान्य, पण खरा सिनेमा मागून तिसऱ्या रांगेतून दिसतो. बाकी मुंबईकरांचं चालू द्या.

---

आंबोळी
रवि, ५:४८

आमचं गाव रत्नागिरीपासून चौदा किलोमीटर, राहायला विरारला. 'ऑल वी इमॅजिन'चा दुसरा अर्धा भाग आमच्याकडचा, म्हणून बायकोला घेऊन मुद्दाम गेलो. तांबडी माती, समुद्र, झाडं सगळं बरोबर. पण मला एक सांगा, कोकणात उतरलं की प्रत्येक सिनेमातली माणसं शांत कशी होतात? आमच्या गावात शांत कोण असतं? एसटीतून उतरताक्षणी तीन जण विचारतात, कधी आलास, कधी जाणार, आणि आंबे कुणाकडे दिलेस यंदा. जमिनीच्या केसेस चालू, भावकी बोलत नाही, बोलली तर कोर्टात. पार्वतीबाय मुंबई सोडून गावाला परत आली, ते लोकांना छान वाटलं. मला विचाराल तर तिची खरी गोष्ट तिथून सुरू होते. घराचं छप्पर कोण शाकारणार, सातबारावर नाव आहे का, दीर काय म्हणतो? मुंबईत कागद नव्हते, तर गावात असतील कशावरून?

त्यापेक्षा 'घरत गणपती'त आमचं घर जास्त दिसलं. गोड करून दाखवलंय, मान्य. पण गणपतीत चाळीस माणसं एका घरात, एका संडासापुढे रांग आणि मोदकावरून रुसवे, हे तरी खरं आहे.

एक मात्र कबूल करतो. प्रभा त्या समुद्रातून काढलेल्या माणसाला शुद्धीवर आणते आणि मग रात्री त्याच्याशी बोलते, तिथे बायकोने माझा हात धरला. सव्वीस वर्षं झाली लग्नाला, थिएटरात पहिल्यांदा. त्यामुळे पैसे वसूल.

---

लालबागकर
रवि, ६:१०

"मुंबईत कागद नव्हते, तर गावात असतील कशावरून" हे माझ्या डोक्यातच आलं नाही. काकू पण गावालाच गेल्या होत्या. सहा महिन्यांनी परत आल्या, भाचीकडे, ठाण्यापलीकडे दिव्याला.

---

तिसरी घंटा
रवि, ७:२५

'पाणी'च्या नऊ प्रेक्षकांवरून थोडं. मी नाटकाकडचा, पण दोन सिनेमांच्या वितरणात हात भाजून घेतलाय, म्हणून सांगतो. आपण म्हणतो मराठीला शो देत नाहीत. खरं आहे. पण जरा तारखा पाहा. २६ एप्रिलला 'जुनं फर्निचर', १ मे रोजी 'नाच गं घुमा', आणि त्याच १ मे रोजी 'स्वरगंधर्व सुधीर फडके'. सहा दिवसांत तीन मोठे मराठी सिनेमे, तिन्हींचा प्रेक्षक एकच, चाळिशीच्या पुढचा, कुटुंबासह, रविवारी दुपारचा. त्याने तिन्ही पाहायचे? मे महिन्यात, पोरांची सुट्टी आणि गावची तिकिटं काढून झाल्यावर? 'जुनं फर्निचर' आणि 'घुमा' चालले. बाबूजींच्या सिनेमाला आमच्या भागात तिसऱ्या आठवड्यात दुपारचा एकच शो उरला.

मग दुसरीकडून दिवाळी. १ नोव्हेंबरला 'सिंघम अगेन' आणि 'भूलभुलैया ३' एकदम आले. त्या दोघांचंच एकमेकांत पडद्यांवरून भांडण होतं. तिथे 'फुलवंती' आणि 'पाणी' यांना उभं राहायला जागा कुठून मिळणार? ५ डिसेंबरला 'पुष्पा २' आला तेव्हा तर नोलनच्या जुन्या सिनेमाला, 'इंटरस्टेलर'ला, आयमॅक्स पडदे मिळाले नाहीत आणि त्याला पुढे ढकललं. म्हणजे हॉलिवूडचीही तीच गत, आपण एकटे नाही, एवढंच समाधान.

आणि सरकारी नियमाचं म्हणाल तर २०१५ साली मल्टिप्लेक्सनी मराठी सिनेमा संध्याकाळी ६ ते ९ दाखवावा असं जाहीर झालं होतं. ओरडा झाला, मग ते दुपारी १२ ते रात्री ९ असं सैल झालं. त्यामुळे मंगळवारी दुपारी साडेबाराचा शोसुद्धा 'प्राइम टाइम'. कोण येणार त्या वेळी? निवृत्त लोक, कॉलेज बुडवणारे आणि मधली रांग.

अवांतर: यंदा विजय कदम गेले, अतुल परचुरे गेले. 'अलीबाबा आणि चाळिशीतले चोर'मध्ये परचुऱ्यांना पाहून वाटलं होतं, आला माणूस आजारातून परत. ऑक्टोबरात बातमी आली. त्यांची प्रत्येक वाक्याआधी अर्धी सेकंद थांबायची सवय होती ना, ती नाटकवाल्यांनाच कळते. हशा तिथून निघायचा.

---

कंदील
रवि, ८:०२

सिस्टरांचा प्रतिसाद दुपारी वाचला, तेव्हापासून उत्तर लिहितोय आणि पुसतोय. माझा मुद्दा सोडत नाही, कॅमेरा कधीकधी स्वतःच्याच प्रेमात पडतो हे खरंच आहे. पण पुन्हा पाहीन. रात्रीचा शो असेल तर.

श्याम बेनेगल गेले त्याला आज आठवडाही झाला नाही, आणि या धाग्यात कुणी नाव घेतलं नाही. जूनमध्ये 'मंथन'ची नवी साफ केलेली प्रत थिएटरात लागली होती. कानमध्ये आधी दाखवली, मग इथे. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये दिले त्यातून १९७६ साली झालेला सिनेमा, लेखनात तेंडुलकर, पडद्यावर स्मिता. किती जण गेलात?

---

मधली रांग
रवि, ८:३०

नाही गेलो. ही खरी चुकचुक, आणि ती डायरीत नाही, कारण न पाहिलेल्या सिनेमाची ओळ कशी लिहिणार? १ आणि २ जून, शनिवार-रविवार. रविवारी निघालोसुद्धा होतो, पण मेगाब्लॉक होता. घामाघूम होऊन प्लॅटफॉर्मवर उभा राहिलो आणि म्हटलं, म्हातारा सिनेमा आहे, पुन्हा लागेल. घरी येऊन आंबे खाल्ले. २३ डिसेंबरला बातमी आली तेव्हा मला पहिल्यांदा तो प्लॅटफॉर्म आठवला.

बाकरवडी, मधल्या रांगेचं कारण: वडील तिथे बसायचे. ते म्हणायचे, मागे श्रीमंत, पुढे शिट्टीवाले, मध्ये आपण.

तिसरी घंटा, तुम्ही मला निवृत्त आणि कॉलेज बुडवणाऱ्यांच्या रांगेत बसवलंत, मंजूर आहे.

---

अळूवडी
रवि, ९:१२

१० जानेवारीला 'संगीत मानापमान' येतोय, सुबोध भावेचा. नाटक मी तीनदा पाहिलंय, त्यामुळे नावं ठेवायला मीच योग्य. कट्टा करायचा का? लालबागच्या भारतमाता थिएटरला लागला तर तिथेच जाऊ. लालबागकर चालत येतील आणि बाहेर वडा मिळतो.

---

लालबागकर
रवि, ९:२०

लागला तर तिकिटं मी काढतो, खिडकीवरून. कागदी मिळतात.

---

नाईट ड्यूटी
रवि, ९:३८

माझी त्या आठवड्यात नाईट आहे, दुपारचा शो असेल तर येईन. झोपले तर उठवा.

---

आंबोळी
रवि, ९:५१

आम्ही दोघं. विरारहून येणार, तेव्हा सुरुवात चुकली तर शेजारच्याने सांगायची.

---

मधली रांग
रवि, १०:०४

म्हणजे सहा झाले. कंदील, तुमचं धरू का? आणि लालबागकर, तिकिटं फाटली की तुकडे मला द्या, डबा अजून आहे.